स्टाफरूमचं सूचनापत्र कसं चालवावं

कॉलेजात बातम्यांची टंचाई कधीच नसते. शिवाजी विद्यापीठाची परिपत्रकं, कोल्हापूरच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाचे ई-मेल, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) सूचना, मिरजेतल्या एखाद्या परिषदेचं निमंत्रण, संस्थेचा आदेश, असं रोज काही ना काही येतच असतं. त्यावर आवक क्रमांक पडतो, प्राचार्य 'सर्व संबंधितांना कळवावे' असा शेरा मारतात, शिपाईमामा रजिस्टर घेऊन वर्गावर्गांतून फिरतात. ज्याच्या पुढ्यात ते येईल तो एका हातात खडू धरून न वाचता सही करतो आणि कागद फाइलला लागतो. तीन आठवड्यांनी कुणीतरी चौकशी करतं तेव्हा ऑफिसातून उत्तर येतं, "सर, ती मुदत गेली की परवाच."

हे टाळायचं तर स्टाफला मुदती आणि संधी कळवणारं छोटं सूचनापत्र काढावं. त्याची खाली दिलेली पद्धत सांगली जिल्ह्यातलं, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेलं अनुदानित कॉलेज डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. कोल्हापूरला कागद हाती पोचवायचा तर सांगलीहून पन्नासेक किलोमीटर, जत-आटपाडीहून त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. एका सहीसाठी एक माणूस एक दिवस जातो, त्यामुळे मुदतीचं गणित इथे वेगळं बसतं. साताऱ्यातल्या कॉलेजांनाही बहुतेक गोष्टी अशाच लागू पडतील. रयतची जी तीन कॉलेजं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचा भाग झाली आहेत, त्यांनी विद्यापीठाची परिपत्रकं अर्थात तिकडची पाहायची.

कुणी करायचं, किती वेळा

दोन माणसं पुरतात, पण दोन हवीतच. एक प्राध्यापक, शक्यतो आयक्यूएसीतले (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातले). दुसरे ऑफिसात आवक-जावक सांभाळणारे लिपिक. कागद आधी लिपिकाला दिसतो, त्याचा उपयोग कुणाला हे प्राध्यापकाला कळतं. एकट्या प्राध्यापकावर सोपवलं की परीक्षेच्या महिन्यात अंक बंद पडतो. एकट्या लिपिकावर सोपवलं की परिपत्रकाचा पहिला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला जातो, 'उपरोक्त विषयास अनुसरून' यासकट.

अंक पाक्षिक ठेवा. १ आणि १६ तारीख सगळ्यांच्या लक्षात राहते. साप्ताहिक काढलं तर तिसऱ्या आठवड्यापासून भरताड सुरू होते, मासिक काढलं तर निम्म्या मुदती अंकाच्या आधीच संपतात. मध्येच काही तातडीचं आलं तर एका ओळीची स्वतंत्र सूचना काढा, मात्र पंधरवड्यात दोनच. तिसरी 'अतितातडीची' सूचना गेली की पहिल्या दोन्हींची किंमत जाते.

कुठे कुठे पाहायचं

सोमवारी आणि गुरुवारी अर्धा-अर्धा तास फेरी मारायची, नेहमी त्याच क्रमानं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची परिपत्रकं. त्यात संलग्नता, परीक्षा, एनएसएस आणि क्रीडा हे विभाग वेगवेगळे उघडून पाहावे लागतात. मग सहसंचालक कार्यालय, कोल्हापूर, उच्च शिक्षण संचालनालय, पुणे, शासनाच्या शासन निर्णयांच्या पानावर उच्च व तंत्र शिक्षण विभाग, यूजीसीच्या सूचना, प्राध्यापकांना प्रशिक्षण देणाऱ्या मालवीय मिशनचं पोर्टल, ऑनलाइन कोर्सांसाठी स्वयं आणि एनपीटीईएल. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर ही संशोधन परिषद. विज्ञानासाठी पूर्वीच्या एसईआरबीच्या जागी आलेली, संशोधनाला निधी देणारी एएनआरएफ. वालचंदसारख्या अभियांत्रिकी कॉलेजात मात्र पहिली खिडकी एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची), कारण अटल अकादमीचे एफडीपी, म्हणजे प्राध्यापक विकास कार्यक्रम, तिथूनच निघतात.

शासन निर्णय व्हॉट्सअॅपवरून आला असेल तर एक छोटी तपासणी चुकवू नका. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात त्याचा संकेतांक दिलेला असतो आणि तो निर्णयाच्या तारखेनं सुरू होतो. तो आकडा शासनाच्या संकेतस्थळावर टाकून शोधा. मिळाला नाही तर छापायचं नाही, पाठवणारे कितीही ज्येष्ठ असोत. जुनाच निर्णय वरची तारीख कापून नवा म्हणून फिरतो, तोही याच तपासणीत सापडतो.

एक नोंद कशी लिहायची

सगळं सूचनापत्र या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे घाई नको. नेहमीची नोंद अशी असते:

'मालवीय मिशन अंतर्गत रिफ्रेशर कोर्स जाहीर झाला असून इच्छुक प्राध्यापकांनी याचा लाभ घ्यावा. पत्र सोबत जोडले आहे.'

इच्छुक कोण? लाभ कसला? जोडलेलं पत्र नऊ पानांचं, तिरकं स्कॅन झालेलं, पाचवं पान उलटं. वाचणारा 'नंतर बघू' म्हणतो. तीच नोंद अशी लिहा (नमुना आहे, तारखा कल्पित; रिफ्रेशर म्हणजे विषयाचं ज्ञान ताजं करणारा कोर्स, लेव्हल म्हणजे वेतनश्रेणीचा टप्पा):

'रिफ्रेशर कोर्स, भारतीय भाषा. ऑनलाइन, दोन आठवडे, १० ते २३ सप्टेंबर.
कुणासाठी : मराठी, हिंदी, संस्कृत. लेव्हल ११ किंवा १२ साठी ज्यांचा कोर्स बाकी आहे त्यांनी आधी.
आपली तारीख : २० ऑगस्ट, दुपारी ३. (पोर्टलवरची शेवटची तारीख ३० ऑगस्ट.)
काय लागेल : तासांच्या बदली व्यवस्थेचं पत्र विभागप्रमुखांच्या सहीनं, नियुक्ती आणि मान्यतेच्या पत्रांच्या प्रती, कर्तव्य रजेचा अर्ज.
अडचण : २२ सप्टेंबरपासून अंतर्गत परीक्षा. पर्यवेक्षणाची अदलाबदल आधी ठरवा.
विचारा : आयक्यूएसी समन्वयक, रोज ११ ते १२.'

यात 'आपली तारीख' ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. जाहिरातीत छापलेली तारीख पोर्टल बंद होण्याची असते. आपल्या माणसाला हवी असते ती ऑफिसच्या टेबलावर अर्ज ठेवण्याची तारीख, आणि ती कुणीच छापत नाही. ती उलट मोजून काढायची. ३० ऑगस्ट शेवटची असेल तर २८ ला अर्ज भरून झाला पाहिजे, कारण शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर हमखास दमतो. २५ पर्यंत प्राचार्यांची सही हवी. ते दोन दिवस विद्यापीठात बैठकीला गेले असतील हे धरूनच चालायचं. त्याआधी विभागप्रमुखांचं पत्र, टिपणी, रजेचा हिशेब, मध्ये एक रविवार, एक सुट्टी. म्हणजे २०. संस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयाची परवानगी लागत असेल तर आणखी पंधरा दिवस मागे जा; काही संस्थांत असे विषय महिन्यातून एकदाच पुढे ठेवले जातात, ती तारीख माहीत करून घ्या.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत या हिशेबात आणखी चार दिवस घाला. सांगलीकरांना याचं कारण सांगायला नको. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही महापुरांत कागद घेऊन कोल्हापूर गाठणं अशक्य झालं होतं आणि वीज-इंटरनेटचाही भरवसा नव्हता. या काळात मूळ कागदपत्रांचं स्कॅनिंग जुलैच्या पहिल्या आठवड्यातच उरकून एक प्रत ऑफिसबाहेर, क्लाउडवर ठेवलेली बरी. तळमजल्यावरच्या कपाटातली सेवापुस्तकं वरच्या मजल्यावर हलवा हेही त्या अंकात एका ओळीत लिहायला हरकत नाही.

'आपली तारीख' चुकून मूळ तारखेच्या एक-दोन दिवसच आधी छापली गेली तर काय होतं? माणूस अर्ज घेऊन येतो, प्राचार्य बाहेरगावी, उपप्राचार्य म्हणतात मला अधिकार नाही. मग स्कॅन केलेली सही चिकटवण्याचा मोह होतो. तो टाळा. 'योग्य मार्गाने' जाणाऱ्या अर्जावर जावक क्रमांक, तारीख, सही आणि गोल शिक्का हे चारही लागतात. पुढे बढतीच्या फाइलीत हाच कागद पुन्हा बाहेर येतो आणि जावक रजिस्टरात त्या तारखेची नोंद नसेल तर तपासणारे तिथेच बोट ठेवतात.

बढतीचा तक्ता : अंकात न छापायचा, पण अंक त्याच्यावर चालवायचा

स्टाफमध्ये जिला 'कॅस' किंवा स्थाननिश्चिती म्हणतात, त्या ठरावीक सेवेनंतरच्या बढतीसाठी लागणाऱ्या कोर्सांची मुदत चुकणं हे कॉलेजातलं सगळ्यात महाग चुकणं. यूजीसीची १८ जुलै २०१८ ची नियमावली आणि ती स्वीकारणारा शासनाचा ८ मार्च २०१९ चा निर्णय, हे दोन कागद छापून सूचनापत्राच्या फाइलीत पहिल्या पानावर ठेवा. ज्याची त्याची पात्रता कोणत्या नियमावलीखाली येते ते त्याच्या तारखेवरून ठरतं, म्हणून प्रत्येक नोंद लिहिण्याआधी एवढं पाहून घ्या.

२०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला लेव्हल १० वरून ११ वर जायला पीएच.डी. असेल तर चार वर्षं, एम.फिल. असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा वर्षं सेवा लागते. जोडीला २१ दिवसांचा ओरिएंटेशन (अध्यापनाची ओळख करून देणारा) कोर्स आणि एक रिफ्रेशर किंवा संशोधनपद्धतीचा कोर्स. या दुसऱ्याला प्रमाणपत्रासह ऑनलाइन कोर्ससारखे पर्याय आहेत. ११ वरून १२ ला पाच वर्षं. १२ वरून १३-अ, म्हणजे सहयोगी प्राध्यापक, तीन वर्षं, इथे पीएच.डी. सक्तीची. तिथून प्राध्यापकपदासाठी आणखी तीन वर्षं, किमान दहा शोधनिबंध (त्यातले तीन मूल्यांकनाच्या काळातले) आणि संशोधनाचे ११० गुण.

आता उदाहरण. पीएच.डी. असलेल्या बाई १६ जुलै २०२१ ला रुजू झाल्या. त्यांची ड्यू डेट, म्हणजे बढतीला पात्र होण्याची तारीख, १६ जुलै २०२५. ओरिएंटेशन वेळेत झाला, पण रिफ्रेशर ५ सप्टेंबर २०२५ ला संपला. बढतीची तारीख ६ सप्टेंबरवर सरकली. बावन्न दिवस गेले, आणि ते एकदाच जात नाहीत, कारण लेव्हल १२ ची पाच वर्षंही आता ६ सप्टेंबरपासून मोजायची. वेतनवाढीच्या तारखा १ जानेवारी आणि १ जुलै अशा दोनच असल्यामुळे थोड्या दिवसांच्या घसरणीनं कधीकधी सहा महिन्यांचा फरक पडतो. शिवाय ड्यू डेटच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. म्हणजे या बाईंची फाइल एप्रिल २०२५ मध्ये पुरी असायला हवी होती आणि रिफ्रेशरची सूचना त्यांच्या हाती आदल्या दिवाळीच्या सुट्टीतच पडायला हवी होती.

यासाठी एक साधा तक्ता करा. नाव, विषय, रुजू तारीख, आत्ताची लेव्हल, पुढची ड्यू डेट, झालेले कोर्स (सुरुवात आणि शेवट, दोन्ही तारखांसह), बाकी काय. सेवापुस्तकावरून भरायचा, तोंडी माहितीवरून नाही. लोकांना स्वतःची रुजू तारीख पक्की आठवत असते, मान्यतेची तारीख आठवत नसते. हा तक्ता बोर्डावर लावायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही. जानेवारीत आणि जुलैत ज्याची ओळ त्याला स्वतंत्रपणे दाखवायची आणि खाली सही घ्यायची. पुढच्या अठरा महिन्यांत ज्यांची ड्यू डेट आहे त्यांची नावं पिवळी करा. रिफ्रेशरची सूचना आली की आधी या पिवळ्या नावांना फोन, नंतर अंक.

वार्षिक मूल्यांकनाचाही यात हात आहे. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर अध्यापनात 'चांगले', ७० ते ८० च्या मध्ये 'समाधानकारक', ७० च्या खाली 'असमाधानकारक'. दुसऱ्या भागात वर्षाला किमान तीन उपक्रम असले तर 'चांगले', एक-दोन असले तर 'समाधानकारक'. त्यामुळे परीक्षेचं काम, एनएसएस, वसतिगृह, अभ्यासदौरा, समुपदेशन अशा कामांच्या संधी अंकात देताना 'मूल्यांकनात धरलं जातं' एवढे तीन शब्द जोडले की एरवी डोळा चुकवणारी मंडळीही नाव देतात. त्यात वावगं काही नाही.

कोर्सांबद्दल थोडं

ओरिएंटेशन-रिफ्रेशर देणाऱ्या यूजीसीच्या जुन्या केंद्रांना आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र म्हणतात. हे मिशन ५ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालं. ऑनलाइन कोर्सांमुळे सांगलीच्या माणसाला पुण्याच्याच केंद्राची वाट पाहावी लागत नाही, देशातल्या कुठल्याही केंद्रात नाव घालता येतं. मात्र ऑनलाइन म्हणजे तास घेत-घेत करायचा असा समज फार पसरलेला आहे. सत्रं कॉलेजच्या वेळेतच असतात, हजेरी कॅमेऱ्यावर आणि मध्येच येणाऱ्या फॉर्मवर घेतली जाते आणि हजेरी कमी पडली की प्रमाणपत्र अडकतं. कर्तव्य रजा वर्षाला ३० दिवसांपर्यंत मिळते. एका वर्षात ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर दोन्ही घ्यायचं ठरवलं तर परिषदांना दिवस उरत नाहीत, हे आधी सांगा.

एनपीटीईएलचे कोर्स वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सुमारास सुरू होतात, ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे. इथे लोक तीन ठिकाणी अडखळतात. पहिली गोष्ट, कोर्सला नाव घालणं आणि परीक्षेची नोंदणी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींच्या तारखा वेगळ्या. अंकात दोन्ही छापा. नाव घालणं फुकट, परीक्षेला एका कोर्सचे १००० रुपये. दुसरी, नुसते व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र मिळत नाही. २५ गुण साप्ताहिक स्वाध्यायांचे, त्यात किमान १०. ७५ गुण प्रत्यक्ष केंद्रावरच्या परीक्षेचे, त्यात किमान ३०. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. बारा आठवड्यांच्या कोर्सात उत्तम आठ स्वाध्याय धरतात, आठ आठवड्यांच्यात सहा, चारच्यात तीन. एखादा आठवडा चुकला म्हणून कोर्स सोडून देणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी निम्मे परत येतात. तिसरी, प्रमाणपत्रावरचं नाव. परीक्षेच्या अर्जात जसं टाइप कराल तसं छापून येतं. सेवापुस्तकातलं नाव आणि लग्नानंतरचं नाव यांत फरक असेल तर अर्ज भरतानाच ठरवा. नंतर शपथपत्रं करत बसावं लागतं.

शोधनिबंधांच्या बाबतीत एक बदल ठळक छापण्यासारखा आहे. यूजीसीनं केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन-नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. तरीही 'यूजीसी केअर लिस्टेड, पाच दिवसांत प्रकाशन' असे मेसेज येतच राहतात. असं निमंत्रण अंकात घेऊ नका. आयएसएसएन क्रमांक (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकून मासिकाचं नाव जुळतं का बघा, संपादक मंडळातली दोन नावं त्यांच्या विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर शोधा, पैसे कुणा व्यक्तीच्या खात्यावर मागितलेत का ते पाहा. 'आदर्श प्राध्यापक पुरस्कार, नोंदणी शुल्क फक्त...' या जातीच्या पत्रांना तर आवक क्रमांकही देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

एनएसएस आणि एनसीसी

एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी होण्याची संधी जाहीर करताना कामाचा आकारही सांगा: एक युनिट साधारण शंभर स्वयंसेवकांचं, स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास, सात दिवसांचं निवासी शिबिर, नेमणूक तीन वर्षांची. एनसीसीच्या एएनओला (पथक सांभाळणाऱ्या प्राध्यापकाला) पुरुषांसाठी कामठी, महिलांसाठी ग्वाल्हेर इथे सलग बराच काळ प्रशिक्षणाला जावं लागतं. घरी विचारून मगच नाव द्या, एवढंच.

शिक्षकेतर सहकाऱ्यांचं पान

बहुतेक सूचनापत्रांत हे पान नसतं, म्हणून ऑफिसातली माणसं अंक उघडतच नाहीत. अंकाची मागची बाजू कायमची त्यांना द्या, मजकूर कमी असला तरी.

त्यात काय येईल? १ जानेवारीच्या स्थितीची ज्येष्ठता यादी लागली की हरकत घेण्याची शेवटची तारीख. यादीत जन्मतारीख, रुजू तारीख, प्रवर्ग हे तीन रकाने ज्यानं त्यानं बोट ठेवून तपासायचे. शिपाईपदावरून लिपिकपदाकडे डोळा असलेल्यांसाठी राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेचं वेळापत्रक, मराठी ३० शब्द आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. ही परीक्षा मान्यताप्राप्त टायपिंग इन्स्टिट्यूटमधून द्यावी लागते, त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर दिलेली सूचना कुणाच्याच उपयोगाची नसते. प्रवेश सुरू होताना द्या. एमएस-सीआयटी झालेलं असेल पण प्रमाणपत्राची प्रत सेवापुस्तकात लागलेली नसेल, असे दोघे-तिघे प्रत्येक ऑफिसात सापडतात. वर्षातून एकदा 'आपलं सेवापुस्तक पाहा' अशी तारीख छापून टाका. माहिती अधिकार, लेखा, खरेदी यांवर पुण्याच्या यशदा या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षणं होतात, तीही नजरेत ठेवा. एचटीई सेवार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत बिल भरण्याची तारीख बदलली तर ती सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. पगाराची बातमी सगळे वाचतात आणि त्या निमित्तानं खालचंही वाचतात.

तासिका तत्त्वावरची मंडळी

तासागणिक मानधनावर शिकवणाऱ्या या मंडळींपर्यंत सूचना पोचत नाहीत त्याचं कारण साधं आहे: सत्र संपलं की त्यांना ग्रुपमधून काढलं जातं आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायला कुणाला आठवत नाही. त्यांची वेगळी यादी ठेवा आणि सुट्टीतही अंक पाठवा, कारण त्यांना लागणाऱ्या जाहिराती नेमक्या सुट्टीतच निघतात. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. म्हणून नेटच्या जून आणि डिसेंबरच्या फेऱ्या आणि पुण्याच्या विद्यापीठाकडून होणारी सेट यांच्या तारखा त्यांच्यासाठी पहिल्या ओळीत. सत्र संपताना अनुभव प्रमाणपत्र मागून घ्या हेही एप्रिलच्या अंकात लिहा. त्यावर विषय, घेतलेले तास, कालावधी आणि विद्यापीठ मान्यतेच्या पत्राचा क्रमांक असायला हवा. दोन वर्षांनी हा क्रमांक शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

सुखदुःखाच्या बातम्या

पीएच.डी.ची बातमी मौखिक परीक्षा झाल्या दिवशी छापू नका. विद्यापीठाची अधिसूचना निघेपर्यंत थांबा आणि तिचीच तारीख द्या. वेतननिश्चितीतही तीच विचारतात. अभिनंदन त्याआधी पेढ्यांनी करायला कुणाची ना नाही.

निवृत्तीच्या बातमीत तारखेची चूक सहज होते. निवृत्ती महिन्याच्या अखेरच्या दिवशी होते, पण जन्मतारीख महिन्याची पहिली असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेल्यांची एक अख्खी पिढी आहे; ती सगळी ३१ मेला निवृत्त होते, ३० जूनला नव्हे. आणि ३१ मे म्हणजे उन्हाळी सुट्टी, निरोप समारंभाला हॉल रिकामा, माणसं गावाला. समारंभाची तारीख एप्रिलच्या अंकातच ठरवून छापा. त्याहून महत्त्वाचं, सेवापुस्तकाची पडताळणी निवृत्तीच्या दीड-दोन वर्षं आधी सुरू झाली पाहिजे, म्हणून ही नावंही तक्त्यात पिवळी.

आजारपणाची बातमी घरच्यांनी सांगितल्याशिवाय देऊ नये. निधनाची देताना अंत्यविधीची वेळ दोनदा विचारून घ्यावी. कुणाचा पगार, आधार, खाते क्रमांक, खासगी मोबाइल यांतलं काहीही अंकात येता कामा नये. परिपत्रकासोबत जोडलेल्या याद्यांत हे सगळं असतं आणि पूर्ण पीडीएफ पुढे ढकलली की तेही जातं.

छपाई आणि वाटप

ए-फोरचा एकच कागद, पाठपोट. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. ऑफिसातल्या जुन्या संगणकावर श्रीलिपीत केलेली फाइल मोबाइलवर उघडली की मराठीच्या जागी चिन्हांचा खच पडतो, आणि ती शोधताही येत नाही. अक्षर १२ पॉइंटच्या खाली नको. स्टाफरूममधले निम्मे चष्मे खिशात असतात. फाइलचं नाव वर्ष-महिना-तारीख या क्रमानं द्या, म्हणजे यादीत आपोआप ओळीनं लागतात.

व्हॉट्सअॅपवर वेगळा ग्रुप करा आणि त्यात फक्त अॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग ठेवा. मुख्य ग्रुपवर टाकलेला अंक शुभ सकाळच्या फुलांखाली अर्ध्या तासात गाडला जातो. पीडीएफसोबत पाच ओळी साध्या मजकुरात लिहा: या पंधरवड्यातल्या पाच 'आपल्या तारखा', जवळची आधी. बहुतेकजण एवढंच वाचणार आहेत, हे धरूनच त्या पाच निवडा. एक छापील प्रत स्टाफरूममध्ये चहाच्या टेबलावर, एक ग्रंथालयात, एक ऑफिसच्या काउंटरवर. नोटीस बोर्डावर लावायची असेल तर आधी तिथलं मागच्या वर्षीचं गॅदरिंगचं पत्रक काढा.

प्राचार्यांची मंजुरी प्रत्येक अंकाला घेत बसलात तर १६ तारखेचा अंक २१ ला निघेल. सुरुवातीला एकदाच लेखी आदेश घ्या, की मूळ परिपत्रकावर आधारित नोंदी संपादक परस्पर छापतील आणि फक्त धोरणाच्या किंवा वादाच्या बाबी दाखवून घेतील.

परिषदेला जाणाऱ्यांसाठी एक कायमची चौकट अंकात राहू द्या: नोंदणी शुल्क आणि प्रवासखर्च मिळण्यासाठी जाण्याआधी लेखी मंजुरी, तिकिटं मूळ, हजेरीचं प्रमाणपत्र, परतल्यावर आठ दिवसांत बिल. पूर्वमंजुरी नसलेलं बिल ऑडिटमध्ये वसुलीला निघतं आणि तेव्हा तिकिटाची शाई उडालेली असते. एसटीचं तिकीट आठवड्याभरात कोरं होतं, त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

अंक निघाल्यावर आठ दिवसांनी त्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे ऑफिसच्या प्रतीवर पेन्सिलीनं लिहा, किती अर्ज आले, किती पुढे गेले, कोणता कशामुळे अडला. 'तासांची व्यवस्था नाही', 'मान्यतेचं पत्र सापडलं नाही', 'प्राचार्य रजेवर'. वर्षअखेरीस या चोवीस प्रती आयक्यूएसीकडे एकत्र बांधून द्या. वार्षिक अहवालात कोणी कोणते कोर्स केले, कुणाला किती अर्थसाहाय्य मिळालं ही माहिती मागतात तेव्हा ती इथून अर्ध्या दिवसात निघते. आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्या अंकाच्या तारखा लावताना, ज्या कारणावर सगळ्यात जास्त पेन्सिली टिकमार्क पडले असतील, त्याच्यासाठी 'आपली तारीख' तेवढे दिवस आणखी मागे घ्या.